निवलेली हलगी

गेल्या महिन्यात आमच्याकडे जुन्या वादकांचा सत्कार झाला. बँजो पार्टीवाले, ऑर्केस्ट्रावाले, लग्नाच्या बँडमधले, जेवढे शिल्लक आहेत तेवढे सगळे बोलावले होते. निवेदक तरुण होता, बोलायला तयार होता. पॅड वाजवणाऱ्या मास्तरांचं नाव पुकारायच्या आधी त्यानं एक किस्सा सांगितला.

"मास्तरांना नवं पॅड नको होतं, बरं का. जुनं एके जुनं! त्याला टॉवेलात गुंडाळायचे, उन्हाळ्यात अंघोळ घालायचे. आणि एक दिवस काय झालं, प्रेमाच्या भरात दोन बटनं एकदम दाबली अन् जन्माची कमाई एका मिनिटात पुसून मोकळे झाले!"

सभागृह हसलं. मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. कुणीतरी त्यांच्यापुढे माईक धरला. ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "व्हय की. माज्याच हातनं पुसलं. कुनाला दोष द्यायचा?"

लोक पुन्हा हसले. मास्तरही हसले.

मी त्याच रांगेत बसलो होतो. तो किस्सा माझा आहे. 'प्रेमाच्या भरात' हे शब्दसुद्धा माझेच. गेली चौदा-पंधरा वर्षं तो मी सांगत आलो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे सगळं बसवून सांगत आलो. तो खोटा आहे. मास्तरांनी काही पुसलं नव्हतं.

आता माझं वय झालं आहे. रात्री झोप लागत नाही ती नाहीच, दिवसाही आता डोळा लागत नाही. म्हणून एकदा हे सगळं लिहून टाकावं म्हणतो.

मी एका सूतगिरणीच्या ऑफिसात कारकून होतो आणि संध्याकाळी, सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रा चालवायचो. लग्नं, जयंत्या, गणपती, कारखान्याच्या वसाहतीतले कार्यक्रम. कीबोर्ड मी वाजवायचो. मास्तर माझ्याकडे पॅड वाजवत. मला 'मालक' म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पॅड म्हणजे ऑक्टोपॅड. एका पेटीवर रबराचे आठ काळे चौकोन असतात, चार वर, चार खाली. काठीनं मारलं की ज्याच्यावर जो आवाज बसवलाय तो वाजतो. ढोलकी बसवा, तबला बसवा, झांज बसवा. त्या बसवलेल्या आवाजाला आम्ही टोन म्हणतो. मास्तरांचं पॅड जुन्या पद्धतीचं होतं. त्याला पडदा नव्हता, नुसते दोन लाल आकडे लागायचे. आत जे तयार आवाज होते तेच पिळून, कमी-जास्त करून, एकात एक मिसळून आपले टोन करायचे. बाहेरचा आवाज आत घालायची सोय नव्हती.

त्या पेटीत हलगी नव्हती. परदेशी मशीन, त्याला हलगी कुठली माहीत असणार? मास्तरांनी ती केली. कसली तरी लाकडी ठोकळी आणि कसला तरी परदेशी ढोल एकत्र करून, रोज थोडं थोडं फिरवून केली. कधी हलगीवाले वाजवत असतील तिथे जाऊन ते डोळे मिटून उभे राहत. लोकांना वाटे, माणूस घेऊन आला आहे. ते तर चहाशिवाय काही घेत नसत.

आणि त्यांनी एक नाही, दोन हलग्या केल्या. हलगीचं कातडं विस्तवावर धरून तापवतात, तेव्हा ती कडकडते. वाजवता वाजवता ती निवत जाते, आवाज सैल पडतो, थोडा घोगरा होतो. मास्तरांनी वरच्या चार चौकोनांवर तापलेली हलगी बसवली आणि खालच्या चारांवर निवलेली. गाणं सुरू होताना त्यांचे हात वर असत. गाणं जसजसं पुढं जाई तसे ते नकळत खाली उतरत. ऐकणाऱ्याला काय झालं ते कळत नसे. फक्त गाणं थकल्यासारखं, खरं झाल्यासारखं वाटे. मग शेवटच्या कडव्याला हात एकदम वर. जणू कुणी हलगी पुन्हा विस्तवावर धरून आणली.

मलाही हे फार उशिरा कळलं. किती उशिरा, ते पुढं सांगतो.

मास्तर विणकर. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि रागावले की दोन्ही. सकाळी एका शेडमध्ये चार यंत्रमाग सांभाळायचे, टॉवेल काढायचे. ताल कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की म्हणत, "शिकायचं काय त्यात? मागातला धोटा शिकवतोय की, इकडनं तिकडं पळत. त्यो गेला, त्यो येतोयच. येस्तवर गप ऱ्हायचं." आमच्या ढोलकीवाल्याला घाई होती. त्याला ते कार्यक्रमातच म्हणायचे, "धोटा येऊ दे बे, धोटा येऊ दे."

पॅड टॉवेलात गुंडाळायचे हे खरं आहे. स्वतःच्या मागावर काढलेला टॉवेल, त्यावर शिक्का नसलेला. वाजवण्याआधी जिभेला बोट लावून ते प्रत्येक रबराला टेकवायचे, बायका तवा तापला का बघतात तसं. हेही खरं. लग्नातलं जेवायचे नाहीत. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन येत. हाताला तूप लागलं की काठी घसरते, असं त्यांचं म्हणणं. एका वधूपित्यानं फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, "साहेब, तुमी जेवा. माजे हात उपाशी ऱ्हायले पायजेत." वधूपिता त्या वाक्यावर इतका खूश झाला की त्यानं ते जेवणावळीत चार जणांना ऐकवलं.

अंघोळीची गोष्ट मात्र खोटी. मे महिन्यात आमच्या गावात पत्र्याखाली ठेवलेलं रबर मऊ पडतं, काठी उडत नाही. म्हणून ते स्टँडखाली ओलं पोतं अंथरायचे. इतकंच. पाणी चार-चार दिवसांनी येणाऱ्या गावात पॅडला अंघोळ कोण घालील? पण हे ऐकायला गंमत वाटे, म्हणून मी ते तसं सांगितलं.

एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही, कारण तिच्यात हसण्यासारखं नव्हतं. मास्तरांचे वडील गिरणीत साचेवाले होते. गिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. शेवटी शेवटी म्हातारबांचं डोकं गेलं. सकाळी डबा घेऊन ते बंद गेटपुढं जाऊन उभे राहत आणि भोंगा अजून का झाला नाही म्हणून वॉचमनशी भांडत. मास्तर स्कूटरवरून जाऊन त्यांना घेऊन येत. एकदा मी मागे बसून गेलो होतो.

"आज सुट्टी हाय अप्पा," मास्तर म्हणाले.

"काल बी सुट्टी म्हनलास."

"काल बी हुती. आज बी हाय. बसा. डबा हितंच खाऊ."

गेटसमोर फुटपाथवर बसून बापलेक डबा खात होते आणि मी स्कूटर धरून उभा होतो. परत येताना मास्तर मला म्हणाले, "मालक, ह्ये घरात चालत येतंय म्हनतात. आजाला बी झालं हुतं." मी काहीतरी बोललो. 'छे हो, तुम्हाला कशाला होतंय,' असं काहीतरी. हे मला आठवायला हवं होतं, पुढं जेव्हा वेळ आली तेव्हा.

मग नव्या पॅडचं आलं. अक्कलकोटकडच्या एका पार्टीनं नवं पॅड घेतलं. त्याला रंगीत पडदा, चौकोनाभोवती दिवे, पेन ड्राइव्ह लावला की कुठलाही आवाज आत. सिनेमातलं नवं गाणं आलं की दुसऱ्या दिवशी त्यातला ठेका जसाच्या तसा. लोक मला विचारायला लागले, तुमच्याकडे तसलं दिवे लागणारं आहे का? मी मास्तरांना नव्या पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं काउंटरवर जुनं आणि नवं शेजारी शेजारी मांडलं.

मास्तरांनी जिभेला बोट लावून नव्या रबराला टेकवलं. दुकानदार बघतच राहिला. मग त्यांनी काठी मारली. एकदा, दोनदा.

"ह्ये मारायच्या आदीच वाजतंय."

"मास्तर, फास्ट हाय म्हणून तसं वाटतंय. जुन्यात आवाज मागनं यायचा."

"मागनंच यायला पायजे की. धोटा काय आदी येतोय?" मग म्हणाले, "हलगी हाय का ह्याच्यात?"

"हाय की! हलगीचे लई प्रकार हायत. हे बघा."

दुकानदारानं लावून दिली. मास्तरांनी वाजवली. बराच वेळ वाजवली. हळू मारली, जोरात मारली.

"ही तापलेली हाय. निवलेली कुटंय?"

दुकानदाराला काही समजलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"डिजिटल हाय मास्तर," तो म्हणाला, "ते तापत बी न्हाय आन् निवत बी न्हाय."

"मग त्याला वाजवायचं कशाला? नुसतं चालू करून जेवायला बसावं."

तिथं उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. मास्तर काठ्या टॉवेलात गुंडाळून पायरी उतरून गेले. मी मागे राहिलो आणि नवं पॅड घेऊन टाकलं. हंगाम तोंडावर होता, चार ठिकाणी मी 'आमच्याकडेही आहे' असं सांगून बसलो होतो. पेटी कीबोर्डच्या खोक्यामागे लपवली. मास्तर हळूहळू तयार होतील असं मला वाटलं. मी महिनाभर त्यांच्या मागे लागलो. त्यांचं एकच: "तुमी घ्या की. म्या न्हाय म्हनतो का? माजं माज्याजवळ हाय."

त्यांचं त्यांच्याजवळ आहे तोवर ते हलणार नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं.

पॅड आमच्या तालमीच्या खोलीत राहायचं. एका दुपारी मी ते उचललं आणि विजापूर वेशीत नेलं. तिथं रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. त्यांनी पेटी उघडून आतलं नाण्याएवढं सेल दाखवलं.

"इसके ऊपर सब याद रैता. सेल कमजोर हो गया. निकाला तो अंदर का सब साफ. नै निकाला तो भी कभी ना कभी साफ होनाच है."

"आवाज काढून ठेवता येतील?"

"वायर लगा के कंप्यूटर में ले लेंगे. लेकिन मास्तर को पूछ के आओ मियाँ. उनकी चीज है."

"विचारलंय," मी म्हणालो.

चाचांनी वायर लावली. एकेक चौकोन बोटानं वाजवायचा, आवाज आत घ्यायचा. वरची ओळ झाली. खालची सुरू करताना मी दोन चौकोन वाजवून बघितले. मला ते वरच्यासारखेच वाटले, थोडे मंद एवढंच. मला ऑफिसात परत जायचं होतं. "खालची राहू द्या चाचा, तीच आहे परत," मी म्हणालो.

मी संगीतातला माणूस म्हणवत होतो. निवलेली हलगी मला मंद वाजलेली तापलेली हलगी वाटली.

मग मी सेल काढायला सांगितलं. चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि काढलं. नवं सेल बसवलं. दोन लाल आकडे पुन्हा लागले. आतून कारखान्यात भरलेले परदेशी आवाज वाजायला लागले.

माझा हिशेब सरळ होता. आवाज तर वाचले आहेत, नव्यात घालून देऊ. जुन्यात काही उरलं नाही म्हटल्यावर मास्तर गुपचूप नवं घेतील. शिवाय सेल कधी ना कधी जाणारच होतं. हे शेवटचं कारण मी पुढं स्वतःला किती वेळा सांगितलं असेल!

दुसऱ्या दिवशी तालीम. पॅड जागेवर, टॉवेलाखाली. मास्तरांनी टॉवेल काढला, बोट टेकवलं, बटन दाबलं, आपला नंबर लावला आणि काठी मारली. कुठलासा बाहेरच्या देशातला ढोल वाजला. त्यांनी नंबर पुन्हा लावला. दुसरा लावला, तिसरा लावला.  

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मालक, म्या काय दाबलं का?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. फार तर त्यांनी काठ्या माझ्या अंगावर फेकल्या असत्या. पण मी म्हणालो, "दाबलं असेल."

"कदी?"

"परवा. वाजवून झाल्यावर." आता सुरू केलं होतं, तेव्हा मागे येता येईना. "पुन्हा चालू करताना दोन बटनं धरून ठेवली होती तुम्ही. मी म्हटलं पण, काय करताय म्हणून. तुम्ही हसलात."

"म्या हासलो?"

"हो की."

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. "मला आटवंना," म्हणाले. आणि पुन्हा, अगदी हळू, "मला कायच आटवंना."

मला वाटलं, त्यांना टोन गेल्याचं दुःख झालं आहे. मी लगेच नवं पॅड काढलं. म्हटलं, मास्तर, नशीब, मी तुमचे आवाज मागेच एकदा काढून ठेवले होते. त्यांनी वाजवून बघितलं. "माजीच हाय," म्हणाले. मग हात खालच्या ओळीवर उतरला. तिथंही मी तापलेलीच बसवली होती. "हिला निवायला कदी मिळनार?" त्यांनी विचारलं, पण मला नाही, त्या रबराला.

त्या हंगामात दोन-तीन कार्यक्रम त्यांनी नव्यावर वाजवले. हात खाली उतरायचे आणि थांबायचे. मग एक दिवस म्हणाले, "वय झालं मालक. दुसरं कोन बगा." टोन पुन्हा बसवा की, असं मी एकदा म्हणालोही. जुनं पॅड चांगलं आहे, रिकामं आहे, वर्षभरात होतील. त्यांनी ते टॉवेलात गुंडाळलं आणि घरी नेलं. मला वाटलं, हट्टी माणूस, रुसलाय.

त्यानंतर त्यांनी मागाचं काम सोडलं. स्कूटर विकली. मुलीच्या घरी विडी घरकुल वसाहतीत राहायला गेले. आणि एक नवीनच खोड लागली. भेटेल त्याला वार विचारायचे. "आज वार कुटला?" गुरुवार म्हटलं की "बराबर" म्हणून मान हलवायचे. ही खोडही मी किश्श्यात घातली. पॅड पुसल्यापासून मास्तरांना वारसुद्धा विचारून घ्यावा लागतो, असा शेवट केला की लोक फार हसायचे.

सत्कारानंतर तीन रात्री मी जागा होतो. चौथ्या दिवशी रिक्षा करून विडी घरकुलाला गेलो.

मुलगी गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला गेली होती, नात शाळेत. मास्तर एकटेच कॉटवर बसले होते. जुनं पॅड कपाटावर, टॉवेलात.

"या मालक. आज वार कुटला?"

"बुधवार."

"बराबर." त्यांनी उशाशी ठेवलेला थर्मास उघडला. "चा घ्या. पोरगी भरून जाती. गॅसपाशी मी जात न्हाय. मीच तिला सांगितलंय, कॉक बंद करून जात जा म्हनून."

थर्मासमधला चहा कोमट होता. मी तो तसाच हातात धरून सगळं सांगितलं. चाचा, सेल, खालची ओळ, दोन बटनं. मध्ये थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही, म्हणून थांबलो नाही.

मास्तरांनी थर्मासचं झाकण लावलं.

"मंजे म्या दाबलंच न्हवतं?"

"नाही."

"दोनी?"

"एकही नाही."

"आन् हासलो म्हनला त्ये?"

"तेही नाही. त्या दिवशी तुम्ही वाजवून झाल्यावर लगेच घरी गेला होतात."

"व्हय," ते म्हणाले. "म्या लगेच घरला गेलो. पोरीला मलेरिया हुता. त्ये मला आटवतंय. मी म्हनायचो, त्ये आटवतंय आन् ह्ये कसं आटवंना?"

मी म्हणालो, "मास्तर, तुमची हलगी मी..."

"हलगीचं जाऊ द्या." त्यांचा आवाज चढला नाही. "हलगी पुन्ना बसवली असती की. हातात हुती. पन ज्याला आपन दाबलेलं आटवत न्हाय, त्याला बसवलेलं काय आटवनार? म्हनून न्हाय बसवली. अप्पावानी सुरू झालं म्हनून माग सोडला. धोट्यात हात गेला तर? स्कूटर इकली. नातीला शाळंत सोडायला गेलो न्हाय कदी. कुटं वाटंत सोडून आलो तर?" ते थांबले. "वार इचारायचो, त्यो म्हाईत न्हवता म्हनून न्हवं मालक. म्हाईत हाय का न्हाय ते बगायला. रोज बराबर यायचा. तरी मी म्हनायचो, आज आला, उंद्याचं काय सांगावं?"

बाहेर कुणाचा तरी नळ गळत होता. पाण्याचा दिवस असावा.

"चौदा-पंद्रा वर्सं," मास्तर म्हणाले. "माजं डोस्कं शाबूत हुतं आन् मी त्याला भिऊन घरात बसलो. कुनाला भीत हुतो मी? तुमाला?"

 मी माफी मागितली की नाही, मला आता आठवत नाही. मागितली असेल तर फार हळू मागितली असणार. त्यांनी माफ केलं असंही काही म्हटलं नाही. उठा म्हणाले नाहीत, बसा म्हणाले नाहीत.

मग ते एकदम कॉटवरून उतरले. माझ्या हातातला कप काढून घेतला आणि तो चहा मोरीत ओतून दिला. स्वयंपाकघरात गेले. कॉक फिरवल्याचा आवाज आला, लायटर दोनदा वाजला, तिसऱ्यांदा गॅस पेटला. भांडं ठेवल्याचा, डबा उघडल्याचा आवाज. पाणी उकळायला लागल्यावर ते ओट्यावर बोटांनी काहीतरी वाजवत होते. आधी कडक, मग हळूहळू सैल. मी बाहेर बसून ऐकत होतो. यावेळी मला फरक कळला.

त्यांनी दोन कप आणले. एक माझ्यापुढे ठेवला आणि समोर उभे राहून मी पिईपर्यंत बघत राहिले.

"साकर बराबर हाय का?"

साखर घातलेलीच नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि सगळा चहा संपवला.

वर लिहिलेलं सगळं कुणीही कुणालाही सांगावं. एवढं साखरेचं मात्र त्यांच्या कानावर घालू नये.